आजी, दोन मुली आणि माल्टा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

धाकटीला नकाशात माल्टा सापडेना. शेवटी इटलीचा बूट, त्याच्या टोकाशी सिसिली आणि सिसिलीखाली सांडलेले तीन कण असं दाखवावं लागलं. मोठा कण माल्टा, मधला गोझो, आणि दोघांच्या मध्ये चिमुकला कोमिनो. मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब आणि साडेचौदा किलोमीटर रुंद आहे. आम्ही डोंबिवलीहून लोकलने घाटकोपरला जातो, तेवढंही अंतर नाही. त्यामुळे मी एकेका दिवसात चार-चार ठिकाणं कोंबून तक्ता केला, त्याला रंग दिले, प्रिंट काढली.

तो तक्ता दुसऱ्याच दिवशी दुपारी फाडला. सासूबाई ७१ वर्षांच्या, धाकटी पाच वर्षांची, डोक्यावर ऊन आणि समोरून गच्च भरलेली बस न थांबता निघून गेलेली. बेट छोटं आहे म्हणून सगळं होईल, हा पहिला आणि सगळ्यात महागडा गैरसमज. खाली जे लिहिलंय ते तक्ता फाडल्यानंतर कळलेलं आहे.

मग माल्टाच का? एक, इंग्रजी तिथली एक राजभाषा आहे, त्यामुळे औषधाच्या दुकानापासून बसपर्यंत कुठेही अडत नाही. दोन, शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच व्हिसा, तिथे चालतो. तीन, आजीला बघायला जुनं गाव आणि मुलींना डुंबायला समुद्र, दोन्ही एकाच मुक्कामातून होतं.

१. आधी महिना ठरवा, मग बाकी सगळं

आपल्या डोक्यात पावसाळा जून ते सप्टेंबर. तिथे नेमकं उलट आहे. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडतच नाही, तो येतो ऑक्टोबरनंतर आणि हिवाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशी सहज ओलांडतो आणि सगळा युरोप तिथे उतरलेला असतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे दोन महिने टाळा.

आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत हवा उत्तम असते, पण एक मेख आहे: समुद्र अजून गार असतो, साधारण १८ ते २० अंश. आपल्याला कोकणातल्या कोमट पाण्याची सवय. माझ्या मुली पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत गेल्या आणि किंचाळत परत आल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, जरा जमलं. पोहणं हाच मुख्य हेतू असेल तर सप्टेंबर सगळ्यात चांगला, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी लगेच गार होत नाही. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरमध्ये आली तर तीही चालेल, फक्त एखादा दिवस पावसाचा धरून चला.

२. व्हिसा: किमान तीन महिने आधी लागा

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, पण कागदपत्रांची जास्त तपासणी निघाली तर ४५ दिवसही लागू शकतात. मे महिन्याचा प्रवास असेल तर अर्जाची अपॉइंटमेंट जानेवारी-फेब्रुवारीतच पकडा. मार्चमध्ये अख्खा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो.

फी जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. आमच्या घरात तिन्ही प्रकार होते: तिघं पूर्ण, थोरली अर्धी, धाकटी फुकट. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत.

आम्ही जोडलेली कागदपत्रं:

- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पानं असलेला. जुने पासपोर्टही सोबत.
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे नवे फोटो. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला ‘शेंगेनचे’ म्हटलं की कळतं.
- भरलेला अर्ज. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या.
- प्रवास विमा, किमान ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी.
- विमानाचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं बुकिंग.
- बँकेचं खातेपत्रक, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रं, कार्यालयाचं रजेचं पत्र.
- मुलींचे जन्मदाखले, शाळेचं बोनाफाईड, आमच्या विवाह नोंदणीचा दाखला.
- सगळ्यावर एक साधं पत्र: कोण, कधी, कुठे, खर्च कोण करणार.

सासू-सासरे, आई-वडील बरोबर असतील तर इथे जास्त लक्ष द्या. सासूबाईंचं आयकर विवरणपत्र नाही, पगार नाही, पेन्शन तुटपुंजी. त्यांचा खर्च मुलगा करणार असं त्याच्या सहीचं पत्र, त्याची बँकेची कागदपत्रं आणि त्यांचं नातं सिद्ध करणारा कागद, एवढं त्यांच्या फाईलमध्ये वेगळं लावलं. प्रत्येकाची फाईल स्वतंत्र करा. ‘सगळं नवऱ्याच्या फाईलमध्ये आहे की’ हे काउंटरवर चालत नाही. आमचा अर्धा तास आणि झेरॉक्सचे भरमसाट पैसे त्यातच गेले.

दुसरी मेख नावाची. पासपोर्टवर आईचं नाव एक, जन्मदाखल्यावर माहेरचं, शाळेच्या कागदावर तिसरंच, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. तो पत्रात आपणहून दोन ओळींत समजावून सांगा आणि विवाह दाखला त्याच्याच मागे लावा.

तिसरी: माल्टाबरोबर इटलीही जोडायची असेल तर ज्या देशात जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तिकडे. ‘अमुक देशाचा व्हिसा पटकन मिळतो’ म्हणून भलतीकडे अर्ज करू नका.

व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं काहीही विकत घेऊ नका. आम्हाला एका एजंटने ‘आजच तिकीट काढा, उद्या दर वाढेल’ म्हणून तीन वेळा घाबरवलं. दर वाढला नाही.

३. विमान

मुंबईहून माल्टाला थेट विमान नाही. आखातातून, इस्तंबूलहून किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात बदलून जावं लागतं. कुटुंब असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. स्वस्तात पडतं म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं जोडलीत आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं गेल्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर थांबा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, तिथे विमान बदलायला भारतीय पासपोर्टवर वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. तुमचा शेंगेन व्हिसा तिथे कामाचा नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झाली आहे: चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे, बारा वर्षांखालच्यांचा फक्त फोटो. फ्रँकफर्ट किंवा रोममार्गे गेलात तर ही रांग तिथे लागते, थेट माल्टात उतरलात तर माल्टाला. म्हणून युरोपात विमान बदलणार असाल तर मध्ये निदान तीन तास ठेवा.

४. मुक्काम कुठे

याच्यावर मी सगळ्यात जास्त रात्री जागवल्या, म्हणून जरा सविस्तर.

*स्लीमा आणि सेंट ज्युलियन्स:* हॉटेलं, दुकानं, भारतीय जेवण, बस, सगळं हाताशी. पण सेंट ज्युलियन्सचा पाचव्हिल हा भाग रात्रभर जागा असतो. मुलं बरोबर असतील तर तिथून लांबच.

*वालेटा:* राजधानी. १५६५ च्या तुर्की वेढ्यातून बेट वाचल्यावर पुढच्याच वर्षी, १५६६ मध्ये, सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या पंथाने, या तटबंद शहराचा पाया घातला. मधाच्या रंगाचा दगड, रंगीत लाकडी सज्जे, उभे रस्ते. संध्याकाळी पर्यटक पांगल्यावर हे शहर जसं दिसतं, त्यासाठी दोन रात्री राहावंसं वाटतं. पण जुन्या घरांत लिफ्ट नसते आणि रस्त्यांनाच पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी बुकिंगच्या आधी ‘लिफ्ट आहे का, आणि रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती’ असं लेखी विचारा.

*मेल्लीहा:* उत्तरेकडे, आदीरा किनाऱ्याजवळ. लहान मुलांसाठी माझी पसंती हीच. वालेटा लांब पडतं, पण पोरं वाळूत रमतात आणि गोझोची बोट जवळ.

*गोझो:* शेतघरं मिळतात, काहींना स्वतःचा छोटा तलाव असतो. शांत. इतकं शांत की नवरा दुसऱ्या दिवशी म्हणाला, इथे कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही.

आम्ही पाच रात्री स्लीमात, तीन गोझोवर राहिलो. पुन्हा गेले तर तीन मेल्लीहा, दोन वालेटा, तीन गोझो असं करेन.

मेख: बांधकाम. माल्टात जिथे बघाल तिथे क्रेन दिसतात. आमच्या पहिल्या मुक्कामाच्या भिंतीपलीकडे सकाळी सात वाजता ड्रिल सुरू व्हायचं. अलीकडच्या दोन महिन्यांतले अभिप्राय वाचा आणि त्यात ‘कन्स्ट्रक्शन’ शब्द शोधा. हॉटेलात प्रौढांकडून दर रात्रीमागे वेगळा पर्यावरण कर घेतात. ती फसवणूक नाही, भांडू नका.

५. दोन गोष्टी घरूनच बुक करा

हाल साफ्लिएनीचं हायपोजियम. जमिनीखाली कोरलेली, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची दफनभूमी, १९०२ मध्ये घरांचं बांधकाम चालू असताना सापडलेली. श्वासाच्या दमटपणाने आतला दगड आणि रंग बिघडू नयेत म्हणून एका वेळी दहाच माणसं सोडतात. तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. आणि सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही! ही ओळ मी वाचलीच नव्हती. मी आणि धाकटी बाहेर रस्त्याच्या कडेला आइस्क्रीम खात बसलो, आणि बाकीचे तिघं परत आल्यावर दोन दिवस त्याच गोष्टी सांगत होते.

लहान मूल असेल तर त्याऐवजी हाजर इम आणि इम्नायद्रा ही समुद्राकाठची दगडी मंदिरं बघा. ती उघड्यावर, मोठ्या तंबूंच्या सावलीत आहेत आणि मुलांना मोकळं फिरता येतं. तिथून निळी गुहा, म्हणजे ब्लू ग्रोटो, जवळच आहे. सकाळच्या उन्हात पाणी खरंच निळं उजळतं. समुद्र खवळलेला असेल तर होड्या सोडत नाहीत, तेव्हा आधी खात्री करा.

दुसरं, कोमिनोचं ब्लू लगून. गर्दीवर आवर घालायला २०२५ पासून तिथे आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. स्पष्ट सांगते: पाणी फोटोतल्यासारखंच आहे, सावली मात्र नाही, बसायला खडक, आणि माणसंच माणसं. आजीला घेऊन जाऊ नका. जायचंच असेल तर सकाळचा पहिला स्लॉट.

६. बॅगेत काय, आणि काय मुळीच नाही

प्लगची गोष्ट आधी. ‘युरोपचा ॲडॅप्टर’ म्हणून दुकानदार दोन गोल पिनांचा देतो. माल्टा १९६४ पर्यंत ब्रिटिशांकडे होतं, तिथे ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा प्लग चालतो. आम्ही पाच ॲडॅप्टर नेले, पाचही चुकीचे.

खाऊ: युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, तुपाचा डबा, पनीर, काही नाही. मे महिन्यात निघणाऱ्यांसाठी खास: हापूसची पेटी नेऊ नका. बहुतेक ताज्या फळांना आणि भाज्यांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, आणि त्यात कढीपत्ताही आला. मेतकूट, भाजणी, तेलातले ठेपले, कोरड्या चटण्या, लाह्यांचा चिवडा, हे सगळं गेलं आणि उपयोगीही पडलं.

शिवाय रबरी तळव्यांचे पाण्यातले बूट घ्या, प्रत्येकासाठी. का ते किनाऱ्याच्या भागात येईल. आजीच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. चर्चमध्ये खांदे झाकायला एखादी ओढणी.

७. नावं वाचायला शिका

माल्टीज ही अरबी मुळाची भाषा, पण लिहितात रोमन लिपीत. युरोपीय संघाच्या राजभाषांपैकी ती एक आहे. पुस्तकाला ‘क्तीब’ आणि जगाला ‘दिन्या’ म्हणतात, हे कळल्यावर सासूबाईंनी ‘किताब आणि दुनियाच की मग’ म्हणत पाट्या वाचायला घेतल्या. नियम थोडे आहेत: रोमन एक्स दिसला की ‘श’. म्हणून मार्साश्लॉक, म्हणून गोझोवरचं श्लेंदी. क्यू हे अक्षर घशात अडकवून गिळायचं. जी आणि आडवी रेघ दिलेला एच एकत्र आले की मुके.

हे गंमत म्हणून नाही सांगत. एका नावाची दोन गावं आहेत. इम्जार नावाचं एक गाव मुख्य बेटावर आहे आणि त्याच नावाचं बंदर गोझोवर. रबात एक मुख्य बेटावरच्या इम्दिनाला लागून आहे, आणि गोझोच्या राजधानीचं नाव व्हिक्टोरिया असलं तरी लोक तिलाही रबातच म्हणतात. नकाशाच्या ॲपमध्ये नाव टाकताना बेट तपासा. आम्ही गोझोला जायचं म्हणून एकदा चुकीच्या इम्जारच्या बसमध्ये चढून बसलो होतो. चालकानेच उतरवलं.

८. फिरायचं कसं

*बस.* वालेटाच्या वेशीबाहेर, ट्रायटनच्या कारंज्याभोवती मुख्य स्थानक आहे आणि बहुतेक मार्ग तिथेच येऊन मिळतात. थांब्यावर नुसतं उभं राहिलात तर बस जाईल निघून. रिक्षेला करतो तसा हात करावा लागतो. भरलेली बस हात करूनही थांबत नाही. म्हणून शक्य असेल तिथे पहिल्या थांब्यावरून चढा. एकेरी तिकीट दोन तास चालतं, आणि आठवडाभर राहणाऱ्यांना सात दिवसांचं कार्ड परवडतं.

*बोट.* ही आमची खरी सुटका. स्लीमा ते वालेटा बसने रहदारीत किती वेळ जाईल सांगता येत नाही, बोटीने दहाएक मिनिटं. वालेटा ते समोरची तीन शहरं, म्हणजे बिर्गू, सेंग्लेया आणि कॉस्पिकुआ, ही बोटही तशीच. ती बराक्का लिफ्टच्या पायथ्याशी लागते, ५८ मीटर उंच लिफ्टने थेट वरच्या बागेत. गुडघ्यांना वरदान. स्लीमाची बोट मात्र दुसऱ्या बाजूला लागते आणि तिथून चढ आहे, तेव्हा आजीसाठी टॅक्सी बघा.

*गाडी.* वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, म्हणून नवरा उत्साहात होता. पण रस्ते अरुंद, पार्किंग मिळत नाही, आणि हिरव्या रेघांच्या जागा रहिवाशांच्या. पांढऱ्या रेघांत लावा. मुख्य बेटावर गाडी म्हणजे ताप. गोझोवर मात्र दोन दिवस घ्याच. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून काढून न्या आणि मुलांची सीट बुकिंगमध्येच मागा.

*ॲपवरची टॅक्सी.* बोल्ट, उबर दोन्ही चालतात. पाच माणसं असाल तर मोठी गाडी निवडा, चारच्या गाडीत पाचवं लेकरू मांडीवर घेत नाहीत.

९. दिवस कसे मांडायचे

सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक. एक ते चार खोलीत. ही तिथल्यांचीही रीत आहे, गावातली छोटी दुकानं दुपारी बंदच असतात. आपल्या पुण्यावर उगाच विनोद होतात.

वालेटात दिवसाची सुरुवात सेंट जॉन्स को-कॅथीड्रलपासून करा. बाहेरून साधं, आत सोन्याने मढवलेलं, आणि खालची फरशी म्हणजे सरदारांच्या संगमरवरी समाध्या. म्हणूनच टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. इटालियन चित्रकार काराव्हाज्योने १६०८ मध्ये काढलेलं संत जॉनच्या शिरच्छेदाचं भलं मोठं चित्र इथे आहे, त्याने सही केलेलं एकमेव. सही रक्ताच्या ओघळात आहे. थोरलीने ती शोधून काढली आणि मग तिला तिथून हलवणं अवघड झालं. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो. तिथून बाराच्या आधी वरच्या बराक्का बागेत पोचा, खालच्या तोफखान्यातून बाराला आणि पुन्हा चारला तोफ उडवतात. धाकटीचे कान आधीच झाका.

इम्दिना ही जुनी राजधानी संध्याकाळी पाहा. दिवसा गटांच्या गटांमागे चालावं लागतं. दिवे लागल्यावर गल्ल्यांत आपल्याच पावलांचा आवाज येतो.

मार्साश्लॉकला रविवारी मोठा बाजार भरतो. मला कोळ्यांच्या होड्या बघायच्या होत्या, निळ्या-पिवळ्या, नाळेवर दोन डोळे रंगवलेल्या. त्या बघायला एखाद्या साध्या वारी जा. रविवारी फक्त गर्दी दिसते.

गोझो एका दिवसात उरकू नका. मुख्य बेटाच्या उत्तर टोकावरच्या चिर्केव्वा बंदरातून बोटीने २५ मिनिटं, आणि जाताना कोणी तिकीट मागत नाही; पैसे परतताना घेतात. सासूबाई पूर्ण वेळ ‘आपण विनातिकीट चाललोय’ म्हणून अस्वस्थ होत्या. वालेटाहून थेट जलद बोटही आहे, पाऊण तासाची, पण त्यात गाडी जात नाही. गोझोवर ज्गांतियाची मंदिरं बघा, इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी. व्हिक्टोरियातल्या किल्ल्यावरून अख्खं बेट दिसतं. आणि उत्तर किनाऱ्यावरची मिठागरं जरूर. उरण-वसईची मिठागरं पाहिलेल्यांना वाटेल त्यात काय, पण ही खडकात कोरलेली आहेत आणि पलीकडे लगेच लाटा फुटतात. जाहिरातींत अजूनही ‘अझूर विंडो’ ही दगडी कमान दाखवतात. ती ८ मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात कोसळली. तुमच्या सहलवाल्याच्या पत्रकात तो फोटो असेल तर बाकीची माहितीही तपासून घ्या.

१०. किनारा म्हणजे वाळू नव्हे

‘बीच १०० मीटरवर’ असं हॉटेल लिहितं आणि ते खोटं नसतं, फक्त तिथे सपाट खडक आणि पाण्यात उतरायला लोखंडी शिडी असते. चांगल्या पोहणाऱ्यांना स्वर्ग, आपल्या पोरांना नाही. वाळू हवी तर आदीरा, गोल्डन बे आणि गोझोवरची लालसर वाळूची रामला. आदीराला पाणी कितीतरी अंतर कमरेपर्यंतच राहतं. आइन तुफीहा सुंदर आहे, पण खाली उतरायला लांबलचक पायऱ्या आहेत, आणि चढायच्याही त्याच.

झेंडे बघा. लाल म्हणजे पाण्यात जाऊ नका, जांभळा म्हणजे जेलीफिश. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. गंभीर काही झालं तर ११२.

११. शाकाहारी माणसाचं काय

बरं चालतं. पास्तिझी हा तिथला वडापाव: पापुद्र्याची करंजी म्हणा, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. रस्त्यावर उभ्या उभ्या, युरोभरात. मात्र पारंपरिक पीठात डुकराची चरबी घालतात. कडक शाकाहारी असाल तर ‘लार्ड आहे का’ असं स्पष्ट विचारा, नुसतं ‘व्हेज’ विचारलं की ते फक्त सारणाचं सांगतात. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

बिगिल्ला ही कडधान्याची लसूण घातलेली चटणी, कपुनाता ही वांगी-टोमॅटोची भाजी, बकरीच्या-मेंढीच्या दुधाच्या छोट्या चीजच्या वड्या, आणि पाव. यावर चार दिवस निघतात. ‘फेनेक’ म्हणजे ससा, ते तिथलं आवडतं पक्वान्न आहे. मुलींना विचारायच्या आधी ठरवून ठेवा काय उत्तर देणार. वरण-भाताची हुक्की आली तर भारतीय किराणा आणि खानावळी मिळतात, कारण आता तिथे कामाला गेलेले भारतीय बरेच आहेत. सिंधी व्यापारी तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत, आणि त्याही आधी, १८७८ मध्ये, इंग्रजांनी मुंबईहून हिंदी फौज बोटीने इथे आणून ठेवली होती.

नळाचं बरंचसं पाणी समुद्राचं खारेपण काढून केलेलं असतं. पिता येतं, पण चव रुचत नाही. बाटल्या घ्याल तर प्रत्येकीमागे दहा सेंट अनामत असते.

१२. पैसे

युरोचं फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोख. कार्ड सगळीकडे चालतं. रोख लागते ती पास्तिझीला आणि छोट्या होड्यांना. यंत्राने ‘रुपयांत की युरोत?’ विचारलं तर नेहमी युरो. रुपये निवडलेत की दर त्यांचा लागतो, आणि तो वाईटच असतो.

रिकाम्या बाटल्या चेपू नका. दुकानांबाहेरच्या यंत्रात अखंड टाकल्या की पावती मिळते आणि ती बिलातून वजा होते. आमच्याकडे त्याचे चार युरो वीस सेंट जमले होते, धाकटीने एकटीने मिळवलेले. त्यातून विमानतळावर जाण्याआधी पाच जणांत चार पास्तिझी आल्या. वाटाण्याच्या.